ग्रेप गप्प का बसला?

कमांड लाइनवर काम करताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो असं कुणी विचारलं, तर मी एररचं नाव घेणार नाही. एरर बिचारी निदान बोलते तरी. दहा ओळींचं अगम्य पुराण का असेना, पण काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळतं. खरा वैताग येतो तो कमांड चालवल्यावर काहीच न छापता प्रॉम्प्ट परत येतो तेव्हा. आपण एंटर मारतो, कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकत बसतो, आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो..

आता हे गप्प बसणं या टूल्सच्या रक्तातच आहे. बेल लॅब्समध्ये १९६९ पासून युनिक्स घडत गेलं तेव्हा समोर आजच्यासारखी स्क्रीन नव्हती, टेलिटाइप होता. मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचा, तीही खडखडाट करत. "आपले काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे" असलं वाक्य दर कमांडमागे कागदावर उमटायला लागलं असतं तर माणसं वेडी झाली असती. पुढे डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी पाइप बसवला. मग तर एकाचं आउटपुट म्हणजे दुसऱ्याचं इनपुट. मधल्याने फालतू बडबड केली तर ती पुढच्याच्या ताटात पडणार. थोडक्यात काय, तर सांगण्यासारखं असेल तरच बोला.

ही शिस्त मला मनापासून आवडते (आमच्या मीटिंगांना लागू झाली तर किती बरं होईल! :) ). पण तिची एक अडचण आहे. "शोधलं पण सापडलं नाही", "मला शोधताच आलं नाही" आणि "तू विचारतोयस ते आणि फाइलमध्ये आहे ते, दिसायला सारखं असलं तरी एक नाही" या तिन्ही उत्तरांचं दिसणारं रूप एकच, रिकामी स्क्रीन. आणि माणसं, त्यातही घाईत असलेली माणसं, तिचा एकच अर्थ घेतात. नाहीये.

या "नाहीये"ची किंमत काय असू शकते ते मला २०२४ च्या जुलैमध्ये कळलं.

माझी मावशी सातारा जिल्ह्यात राहते, निवृत्त शिक्षिका आहे. दहावी झालेल्या मुलींना अकरावीच्या फीसाठी मदत करणाऱ्या एका ट्रस्टचं काम ती हौसेने करते. फॉर्म ऑनलाइन असतात, बहुतेक मुली मोबाइलवरून भरतात, ज्यांना जमत नाही त्यांना मावशी शेजारी बसून भरून देते. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"अरे, तू ते कॉम्प्युटरचं करतोस ना? मला एक सांग, यादीतून नावं आपोआप गळू शकतात का?"

"कसली यादी गं?"

"अरे तालुक्यावार याद्या आल्यात. पाटणची बरोबर आहे, कोरेगावची बरोबर, वाईची बरोबर. कऱ्हाडच्याच आठ मुली कमी. एकतीस जणींची नावं माझ्या वहीत लिहिलेली आहेत, यादीत तेवीसच."

"ऑफिसात विचारलंस का?"

"विचारलं की. तो मुलगा म्हणतो, मॅडम, कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे फॉर्मच आला नाही. अरे, त्यातल्या एकीने माझ्यासमोर बसून भरलाय! आणि सोमवारी यादी बँकेत जायचीय."

बाकी सगळे तालुके बरोबर, एकाच तालुक्यात आठ कमी. फोन ठेवतानाच मनात आलं की एकाच तालुक्यातल्या आठ मुली फॉर्म भरायला विसरल्या असं होणं कठीण आहे. गडबड मुलींकडे नाही, "कऱ्हाड" या शब्दाकडे आहे. मावशीने ऑफिसात बोलून मला पूर्ण, म्हणजे तालुक्यावार फोडायच्या आधीची फाइल मिळवून दिली. तो मुलगाही सज्जन होता, दहा मिनिटांत पाठवली.

फाइल एक्सेलमधून "युनिकोड टेक्स्ट" म्हणून सेव्ह केलेली होती. तालुका शेवटच्या, पाचव्या कॉलममध्ये. टर्मिनल उघडलं आणि ग्रेपला "कऱ्हाड" शोधायला सांगितलं. उत्तर, शांतता.

अशा वेळी मी पहिल्यांदा एक्झिट स्टेटस बघतो. ग्रेपची ही सोय फार सुंदर आहे. सापडलं तर ०, सापडलं नाही तर १, आणि शोधण्यातच घोटाळा झाला (फाइलच नाही, वाचायची परवानगी नाही वगैरे) तर २. इथे १ आला. म्हणजे ग्रेप स्वतः ठणठणीत होता, फाइल वाचत होता, त्याला जुळणारं काही मिळत नव्हतं.

मग उलटा प्रश्न. जे नक्की आहे ते तरी सापडतं का? "पाटण" शोधलं. तेही नाही. आता पाटणच्या मुली तर यादीत व्यवस्थित आलेल्या, म्हणजे भानगड मुलींची नाही आणि तालुक्याचीही नाही, माझ्या हातातल्या फाइलची आहे. 'फाइल' नावाचीच एक छोटी कमांड आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, हे यूटीएफ-१६ आहे आणि ओळींच्या शेवटी विंडोजची चिन्हं आहेत. एक्सेलचं "युनिकोड टेक्स्ट" म्हणजे यूटीएफ-१६च. माझं टर्मिनल बोलतं यूटीएफ-८. अक्षर तेच, पण बाइट साफ वेगळे. ग्रेप बाइट जुळवतो, त्याला कुठून सापडणार? आयकॉन्व्हने फाइल यूटीएफ-८ मध्ये आणली.

आता ऑक. ग्रेप पूर्ण ओळीत शोधतो, त्यामुळे पत्त्यात कुठे कऱ्हाड आलं तर तेही उचलेल. मला हवा होता फक्त तालुक्याचा कॉलम. ऑकला सांगितलं, पाचवा कॉलम बरोबर "कऱ्हाड" असेल त्या ओळी दे. पुन्हा शून्य. हे मात्र अपेक्षितच होतं, कारण दुसरं दुखणं 'फाइल' कमांडने आधीच सांगून ठेवलेलं. विंडोजमध्ये ओळ संपते ती दोन चिन्हांनी, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडी सर्रकन उजवीकडे ढकलायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, त्या दोन क्रियांचे हे वारस. युनिक्सला दुसरं चिन्ह पुरतं. मग पहिलं जातं कुठे? जात नाही, शेवटच्या कॉलमला चिकटून बसतं. ऑकच्या दृष्टीने तिथे "कऱ्हाड" नव्हतंच, "कऱ्हाड अधिक एक न दिसणारं चिन्ह" होतं. कॅटला 'कॅपिटल ए'चा पर्याय देऊन फाइल बघितली की हे उघडं पडतं. मराठी अक्षरांचा पार चिवडा होतो, पण ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी कॅरेट आणि एम अशी जोडी दिसते. तोच हा पाहुणा. टीआर कमांडने काढून टाकला.

पुन्हा ऑक. तेवीस!

खरं सांगायचं तर शून्यापेक्षा हे तेवीस जास्त धोकादायक. शून्य आलं की कुणालाही संशय येतो. तेवीस आले की माणूस यादी छापायला घेतो. ऑफिसातल्या स्क्रिप्टला आधीचे दोन अडथळे नव्हतेच, त्यामुळे तिने थेट तेवीस काढून दिले आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. मावशीकडे वही नसती तर एकतीस हा आकडा जगात कुठेच नव्हता.

आता शोधणं थांबवलं आणि मोजणं सुरू केलं. पाचवा कॉलम कापला, बाइटनुसार क्रमवारी लावली आणि युनिकला प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजायला लावलं. पाटण, कोरेगाव, वाई एकेका ओळीत. आणि कऱ्हाडचं असं:

१ कराड
७ कर्‍हाड
२३ कऱ्हाड

एक अधिक सात अधिक तेवीस, एकतीस. हुश्श!

"कराड"चं समजू शकतो, गावाचं नाव दोन्ही तऱ्हेने लिहितात. पण खालच्या दोन ओळी? नीट बघा. मी तर स्क्रीनला नाक लावून बघितलं. काना, मात्रा, सगळं तेच. तरी युनिक म्हणतोय की हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि असल्या बाबतीत युनिक खोटं बोलत नाही. दोन्ही शब्दांचे बाइट मोजले. एक अठरा, दुसरा एकवीस.

मराठी वाचणाऱ्याला माहीतच आहे की आपल्याकडे अर्धा र दोन प्रकारचा. एक डोक्यावरचा रफार, "दर्या"तला. दुसरा आडवा, "दऱ्या"तला. एक समुद्र, एक डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही, आपलं मात्र त्यावाचून चालत नाही. वऱ्हाड, ऱ्हास, गुऱ्हाळ, बऱ्याच, दुसऱ्या, पायऱ्या. एक परिच्छेद लिहून बघा त्याच्याशिवाय.

तर हा आडवा र कॉम्प्युटरमध्ये साठवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे साधा र, मग हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं शून्य रुंदीचं, डोळ्याला न दिसणारं चिन्ह. दुसरा म्हणजे नुक्तावाला ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. हा ऱ यादीत मुळात द्राविडी भाषांमधला वेगळा र लिहायला आला, आणि त्याचं अर्धं रूप आपल्या आडव्या र साठी ठरवलं गेलं. युनिकोडच्या प्रमाणात दोन्ही रस्ते नोंदलेले आहेत, जॉइनरवाला आवृत्ती २.० शी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, जॉइनरही तीनच. म्हणून ऱ-वाल्या शब्दात सहा चिन्हं, अठरा बाइट. जॉइनरवाल्यात सात चिन्हं, एकवीस बाइट. सगळा फरक त्या न दिसणाऱ्या एका चिन्हाचा आणि र खालच्या एका ठिपक्याचा.

तुमचा कीबोर्ड यातला कुठला रस्ता धरतो हे तुम्हाला ठाऊक असायचं कारणच नाही. तेवीस मुलींच्या फॉर्ममध्ये एक रस्ता आला, सात जणींच्या फॉर्ममध्ये दुसरा. मुलींनी आपल्या तालुक्याचं नाव अगदी शुद्ध लिहिलं होतं! पाटण, वाई आणि कोरेगावात आडवा र नाही, म्हणून ते तालुके सुखरूप सुटले.

आता दुरुस्ती. इंटरनेटवर शोधलंत तर "न दिसणारी चिन्हं सरसकट उडवा" असा सल्ला जागोजागी मिळेल. मराठीसाठी तो सल्ला घातक आहे. जॉइनर नुसता उडवला तर उरतो र आणि हलन्त, म्हणजे रफार. "कर्‍हाड"चं "कर्हाड" होईल, जे तिसरंच काहीतरी आहे आणि तरीही "कऱ्हाड"शी जुळणार नाहीच. दऱ्यांचा दर्या होईल आणि आचाऱ्यांचे आचार्य. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशनही इथे उपयोगाचं नाही. ऱ हे अक्षर 'र अधिक नुक्ता' असं सुटं लिहिलेलं असेल तर ते एकत्र करून देतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. म्हणून सेडला सरळ सांगायचं, र-हलन्त-जॉइनर ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ-हलन्त ठेव. एका ओळीचं काम. आणि फाइलवर जे कराल तेच शोधायच्या शब्दावरही करा, नाहीतर पुन्हा तोच खेळ उलट्या बाजूने.

आठ नावं वेगळी काढून मावशीला पाठवली. तिने वहीशी ताडून पाहिली, आठच्या आठ जुळली. सोमवारी यादी एकतीस जणींची गेली.

असो. आडव्या र चं दुखणं मराठीचं खास, पण आउटपुट गायब करणारे बाकीचे चोरही ओळखून ठेवलेले बरे. नेहमीचे चार सांगतो.

एक, रिडायरेक्शन. फाइल सॉर्ट करून त्याच नावाच्या फाइलमध्ये बाणाने पाठवली की फाइल रिकामी होते, कारण शेल आधी बाणापुढची फाइल कोरी करतं आणि मग सॉर्टला हाक मारतं. सॉर्टचा स्वतःचा 'डॅश ओ' पर्याय त्यासाठीच आहे.

दोन, बफर. वाहता लॉग टेलने बघत त्यावर एकापुढे एक दोन ग्रेप लावले की बराच वेळ काही दिसतच नाही. पहिला ग्रेप पुढे पाइप बघितल्यावर ओळी साठवून ठेवतो आणि पुरेशा साठल्या की एकदम सोडतो. 'लाइन बफर्ड' पर्याय दिला की ओळ आली की ओळ सोडतो.

तीन, दाबलेला आवाज. एरर दुसऱ्या वाटेने, म्हणजे स्टॅंडर्ड एररने बाहेर पडते. कुणीतरी कधीतरी कटकट नको म्हणून ती वाट डेव्ह-नलच्या खड्ड्यात सोडलेली असते. भरीला शेल एका पाइपलाइनची फक्त शेवटची कमांड यशस्वी झाली का एवढंच सांगतं. मधली मेली तरी निकाल "सगळं छान". बॅशमध्ये पाइपफेल लावून ठेवा.

चौथा चोर मला सगळ्यात वाईट वाटतो. युनिक्सच्या व्याख्येत ओळ म्हणजे शेवटी न्यूलाइन असलेली ओळ. फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीला ती नसेल तर शेलचं साधं "व्हाइल रीड" ती ओळ वाचतं आणि लूपमध्ये न घेताच बाहेर पडतं. डब्ल्यूसीही न्यूलाइनच मोजतो, त्यामुळे मोजणीतही एक कमी, म्हणजे हिशेब बरोब्बर जुळतो! नावांची यादी असेल तर दर वेळी शेवटचाच माणूस गळतो. रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्याच्या तोंडावर खिडकी बंद व्हावी तसा.

ऑक १९७७ सालचं आहे. मूळ ऑकला युनिकोड समजायला लागलं ते २०२२ मध्ये, आणि ते काम केलं त्याच्या तीन जनकांपैकी एक, ब्रायन कर्निहान यांनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. म्हणजे ही टूल्स अडाणी आहेत असं नाही, लोक त्यांना अजून शिकवतायत. पण "कर्‍हाड" आणि "कऱ्हाड" एकच गाव आहे हे ऑकला कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही चूक. त्याला विचारलं त्याचं त्याने प्रामाणिक उत्तर दिलं, "हे बाइट मला दिसले नाहीत." त्याचं "फॉर्मच आला नाही" असं भाषांतर टूलने केलेलं नाही, ते माणसाने केलं. आणि ते ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला वाटणार की आपणच सबमिटचं बटण दाबायचं विसरलो.

म्हणून ऑफिसातल्या मुलाशी बोलून त्याच्या स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. र ची ती एका ओळीची दुरुस्ती, आणि एक नवीन फाइल, जिचं नाव "उरलेले". कुठल्याच तालुक्याशी न जुळलेल्या सगळ्या ओळी तिच्यात जाऊन पडतात. सगळ्या तालुक्यांची बेरीज अधिक उरलेले, बरोबर एकूण फॉर्म. नाही जुळलं तर यादी छापायचीच नाही.

२०२५ मध्ये "उरलेले"मध्ये तीन ओळी निघाल्या. एकीने तालुक्याच्या जागी गावाचं नाव टाकलेलं, एकीने जिल्ह्याचं, आणि एकीने नुसतं टिंब दिलेलं. त्या मुलाने तिघींना फोन करून विचारून घेतलं. तिघी यादीत आहेत.